बरखास्त समितीची बैठक

अमेरिकेतल्या हर्नडनच्या मराठी मंडळात घरटी एकच मत असायचं आणि ते नवऱ्याचं. यंदा बायकांनी आपलं मत मागितलं, तर अध्यक्ष पुरुषोत्तमकाकांनी ऐन गणपतीच्या तोंडावर आसावरीची स्वयंपाक समितीच बरखास्त केली.

आसावरीला उन्हाळ्यातली विल्यम्सबर्गची सहल आठवली. तिथे अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रज गव्हर्नरने लोकप्रतिनिधींची सभा बरखास्त केली, तशी व्हर्जिनियाची माणसं उठून जवळच्या खानावळीत जाऊन बसली होती आणि इंग्रजी मालावर बहिष्कार टाकून मोकळी झाली होती. तिने बायकांना आपल्या गॅरेजमध्ये बोलावलं. ठराव झाला: मत नाही, तर मोदक नाहीत.

काकांचा फोन आला. "अगं, समिती कॅन्सल केली ना मी?"

"हो काका, म्हणून तर गॅरेजमध्ये भरलीये."

"हे असलं शिकवतं कोण तुम्हाला?"

"सहल तुम्हीच काढली होतीत, काका," म्हणत आसावरीने मोदकाची पिठी परत कपाटात ठेवली.