डॉक्टरांच्या कानातली नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. डॉक्टर छातीला लावतात ना, ती. वर रबराची दोन शिंगं, खाली पितळेची गार वाटी. हैदराबादेत शिकून गुरुलिंग डॉक्टर कळंबला आले, तेव्हा मी त्यांच्या गळ्यात होते. निजामाचं राज्य होतं, गावात दुसरा डॉक्टर नव्हता. त्यामुळं मला फार मान! लोक औषधाची बाटली विसरून जायचे, पण "नळी लावा की" म्हणायला विसरत नसत. लेकरं मला बघून रडायची. मग डॉक्टर माझी वाटी तळहातात धरून ऊन करायचे आणि मगच इवल्या छातीला टेकवायचे.

लिंगायत बायका गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करत नाहीत. तपासताना लिंगाची चांदीची डबी त्या मुठीत धरून बसायच्या. मूठ सैल झाली की डबी वाटीवर खाडकन आपटायची. कानात दणका बसून डॉक्टर दचकायचे, बायका पदराआड हसायच्या.

पुढं महायुद्धाच्या दिवसांत हिवतापाची साथ आली. डॉक्टर बैलगाडीनं खेडी फिरले, स्वतःही तापले. कोयनेलच्या कडू गोळ्या खाऊन खाऊन ताप गेला, पण त्या गोळ्यांनीच कानात भुणभुण बसली ती उठलीच नाही. बोलणं ऐकू यायचं. माझ्यातून येणारं मात्र भुणभुणीत बुडून जायचं. मी ठोके पाठवत होते, ते पोचत नव्हते. डॉक्टर नुसती मान हलवायचे आणि रोगी गेला की डोळे मिटून बसून राहायचे. पंचेचाळिशीही उलटली नव्हती. "दवाखाना बंद करावा, वाशी गावची आपली शेती बघावी," असं ते पत्नीला, प्रेमाबाईंना, म्हणू लागले. कानाचं मात्र त्यांनाही सांगितलं नाही.

एके सकाळी इरम्मा आजी आल्या. त्यांना दम लागत होता. तपासताना मूठ सुटली, डबी आपटली. थोड्या वेळानं पुन्हा आपटली. डॉक्टर ढिम्म.

"डागदरसाब, आज दचकला न्हाईत?"

"सवय झाली, आजी."

"कशाची सवय? दुसऱ्यांदा तर म्या मुद्दाम आपटली!"

डॉक्टरांनी मला कानांतून काढलं. "आजी, तुमच्या छातीतलं मला ऐकू येत नाही. कुणाचंच येत नाही. म्हणून दवाखाना सोडतोय."

आजींनी डोळे बारीक केले. "अन् माझं गुडघं? ते काय नळीनं बघत हुता व्हय?"

दाराआड प्रेमाबाई हसल्या आणि लगेच त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

डॉक्टरांनी आजींना त्यांच्या लेकाबरोबर बैलगाडीतून बार्शीच्या डॉक्टरांकडं धाडलं. मग ओसरीवर बसलेल्या रोग्यांपुढं आले. "छातीचं दुखणं असेल त्यांनी बार्शीला जावं. मला ऐकू येत नाही."

रोग्यांतला महांतप्पा मान वाकडी करून म्हणाला, "माझं मानंवर गळू हाय. बसू का जाऊ?"

"बसा," डॉक्टर म्हणाले, आणि हात धुवायला वळले.

दवाखाना चालू राहिला, मी मात्र त्या दिवसापासून खुंटीवर आहे. रबराला चिरा पडल्यात. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी गप्प गप्प झालं, कामातून त्याचं मन उडालं, तर लगेच नावं ठेवू नका. जवळ बसा, काय होतंय ते विचारा. थकलेल्या माणसाला सांगायला वेळ लागतो. तेवढं थांबा.