आतली की बाल्कनी?

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. लोटा नाही, कळशी नाही, आणि परवा एका पाहुणीने म्हटले तशी फुलदाणी तर मुळीच नाही. झाकणाला आटे असतात, ते फिरवून घट्ट बसवले की तांब्या उलटा धरला तरी थेंब सांडत नाही, त्याला फिरकीचा तांब्या म्हणतात. माझे अंग पितळेचे, पोट गोल, मान आखूड आणि स्वभाव जरा तापट आहे. न गळणे हा माझा धर्म. त्याच धर्माला माझ्या आयुष्यात एकदा बट्टा लागला, आणि तो माझ्या चुकीने लागला नाही, हे सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडतो आहे. म्हणजे तसे तोंड माझे आता उघडत नाही, पण ते पुढे येईल.

परभणीच्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. लहानपणी इतके ठोके खाल्ले, की पुढे कुणाच्या बोलण्याचे फारसे वाईट वाटेनासे झाले. सोनपेठच्या आठवडी बाजारात नर्मदाबाईंच्या वडिलांनी मला विकत घेतले आणि लेकीच्या लग्नात रुखवतात मांडले. करंज्या आणि बुंदीचे लाडू यांच्या मधोमध मी बसलो होतो. बायका वाकून वाकून माझ्यात आपले तोंड पाहत होत्या. असे कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आले नाही.

लग्नानंतर मी ताडकळसला आलो. आलो नर्मदाबाईंचा म्हणून, पण फिरलो त्यांच्या यजमानांबरोबर. दिनकररावांचे शेत होते आणि बसस्टँडजवळ खत-बियाण्यांचे दुकान होते. त्यांना सारखे परभणीला, नांदेडला जावे लागे, आणि बाहेरचे पाणी त्यांच्या पोटाला सोसत नसे. मी नांदेडचे स्टेशन पाहिले, कचेऱ्या पाहिल्या, टाकीतला, म्हणजे थेटरातला, सिनेमासुद्धा ऐकला. नर्मदाबाई मात्र वर्षातून एकदा सोनपेठला माहेरी जायच्या, तेवढाच त्यांचा प्रवास. तेव्हाही खिडकीशी दिनकरराव बसत. त्यांना तंबाखूची सवय होती आणि तंबाखूवाल्याला खिडकी लागतेच. नर्मदाबाई आतल्या बाजूला, कुणाच्या तरी गाठोड्याला टेकून, मला मांडीवर घेऊन बसायच्या. घरीही तसेच होते. दिनकरराव ओसरीवर बाजेवर झोपत. नर्मदाबाई आणि त्यांच्या जाऊबाई गीताबाई माजघरात झोपत. माजघराला एक झरोका होता, आमच्या घरातल्या ताटलीएवढा.

अशी अठ्ठावीस वर्षे गेली. मग एके दिवशी दुकानात कंपनीचे पत्र आले.

बियाण्यांच्या एका कंपनीने बक्षिसाची योजना काढली होती. जिल्ह्यात सर्वांत जास्त माल विकणाऱ्या दुकानदाराला मुंबई ते गोवा जहाजाची सफर, तीही जोडीने. दिनकररावांचा पहिला नंबर आला होता. सोबत एक छापील कागद होता. त्यावर नाव, वय, सही, आणि शेवटी एक ओळ : ‘केबिन : आतली / बाल्कनी. हवी त्यावर खूण करावी.’ दोन्ही फुकटच होत्या. शनिवारी कंपनीचा माणूस येऊन कागद घेऊन जाणार होता.

त्या काळात मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा वाद चालू होता. दुकानासमोरच्या बाकावर पेपर वाचता वाचता रोज दोन तट पडत आणि चहा गार होई. त्या आठवड्यात मात्र बाकावर दुसरा विषय निघाला नाही. समुद्र त्यांच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, त्यामुळे सगळ्यांनाच त्याची खात्रीची माहिती होती.

“समुद्र म्हंजे काय, येलदरीच्या धरणापेक्षा थोडा मोठा असंल,” दिनकरराव म्हणाले. “ते जाऊ द्या. बाल्कनी म्हंजे काय, ते सांगा.”

शेजारचा मुंजाजी सिनेमाचा शौकीन होता. तो हसलाच. “आवो, बाल्कनी म्हंजे टाकीतली! सगळ्यात वरचं तिकीट. जहाजात पिच्चर दाखवत असतील. बाल्कनीवाल्यांनी वर खुर्चीवर बसायचं, आतलीवाल्यांनी खोलीत झोपायचं.”

“म्हंजे बाल्कनीत झोपायला जागा न्हाई?”

“टाकीत कुणी झोपतं का? झोपलं तर डोरकीपर उठवतो.”

बन्सीधर एस.टी.त कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी मान हलवली. “मला तर वाटायलंय, बाल्कनी म्हंजे टप. आत जागा न्हाई म्हणून ज्यांला वर बसवतात ते. मी जन्मभर लोकांला टपावरून उतरवलं. दिनकरराव, तुमी टपावर जाऊ नका.”

झाले. एक म्हणतो खुर्ची, दुसरा म्हणतो टप. दिनकररावांनी शाईचे पेन काढले आणि ‘आतली’वर ठसठशीत खूण केली. खाली झोकदार सही ठोकली. “बाईमाणूस संगं हाय,” ते म्हणाले, “खामखा तकलीफ कामून घ्यायची?”

खरे सांगतो, मला हा निर्णय पसंत होता. बाल्कनी खुर्ची असो की टप असो, माझ्यासारख्या गोल पोटाच्या वस्तूला उघड्यावरची जागा धोक्याची. गडगडत गेलो की समुद्रातच जाणार! तांब्या पाण्यासाठी असतो हे खरे, पण इतक्या पाण्यासाठी नव्हे.

शुक्रवारी सकाळी नर्मदाबाई मला न्हाणीपाशी घेऊन बसल्या. चिंच आणि राख लावून घासू लागल्या. घासताना त्यांना बोलायची सवय होती आणि ऐकायला मीच असे. त्या दिवशी हात फार जोरात चालला होता.

“अठ्ठावीस सालं आतच हाय मी,” त्या म्हणाल्या. “चुलीपाशी आत. माजघरात आत. यष्टीत बी आतल्याच अंगाला. आता जल्मात एकदा समुद्राला जायलोय, तर तिथं बी आतच? बाल्कनीत काय असतं मला ठावं न्हाई. पण आतलीत काय असतं ते मला लय चांगलं ठावं हाय.”

मित्रांनो, मी पितळेचा आहे. पण त्या वेळी मला माझी बाल्कनीची भीती जराशी लाजिरवाणी वाटली. मी दिनकररावांबरोबर इतका हिंडलो, आणि जिच्या रुखवतात आलो तिने काय पाहिले, हे मला कधी सुचलेच नव्हते.

शनिवारी कंपनीचा माणूस सिताराम आला. तरतरीत पोरगा, परभणीचाच. ओसरीवर बसला. समोर स्टुलावर तो कागद होता आणि कागदाशेजारी पाहुण्यांसाठी पाण्याने भरलेला मी.

“आतली घेतली का दिनकरराव? ठीक आहे,” सिताराम म्हणाला.

दाराआडून नर्मदाबाईंचा आवाज आला. “दादा, आतल्या खोलीला खिडकी असती का वो?”

“नाही काकू. चारी बाजूंनी भिंत.”

“मग समुद्र कुठून दिसतो?”

“आतून नाही दिसत. बाल्कनीवाल्या केबिनला बाहेर उघडणारं दार असतं. दारापुढं कठडा, दोन खुर्च्या, आणि समोर सगळा समुद्र.”

“बग, म्हणलो न्हाई? खुर्च्याच हायेत!” दिनकररावांनी मांडीवर थाप मारली. “सितारामजी, राहू द्या. सही झाली. आता पक्कं.”

मग नर्मदाबाई पदर सावरत ओसरीवर आल्या. “पाव्हण्यांला पाणी देते,” म्हणाल्या आणि त्यांनी मला उचलले. त्यांच्या बोटांनी माझे झाकण उलट्या बाजूला दोन वेढे फिरवून सैल केले, ते फक्त मला कळले. पेला भरायला म्हणून त्यांनी मला वाकवले आणि झाकणासकट अर्धा तांब्या पाणी त्या कागदावर गेले.

मी! ज्याने अठ्ठावीस वर्षांत एक थेंब गाळला नव्हता!

दिनकररावांनी कागद झटकला. झटकल्याने जास्तच बिघडले. सहीचा ओघळ झाला आणि ‘आतली’वरची खूण वाहत वाहत थेट ‘बाल्कनी’वर जाऊन बसली.

“फिरकी ढिली झाली वाटतं ह्याची,” दिनकरराव माझ्याकडे रागाने पाहत म्हणाले. “गळका मेला!”

हाच तो बट्टा. नर्मदाबाई पदराने स्टूल पुसू लागल्या, पण त्यांचा कान लाल झाला होता.

सितारामने पिशवीतून तसाच दुसरा छापील कागद काढला. तो एकदा दिनकररावांकडे पाही, एकदा नर्मदाबाईंकडे. मग त्याने पेन नर्मदाबाईंपुढे धरले. “काकू, दोघांचं तिकीट आहे. आता खूण तुम्हीच करा.”

परक्या माणसासमोर दिनकररावांना नाही म्हणता येईना. नर्मदाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. त्यांनी ‘बाल्कनी’वर इतक्या जोराने खूण केली की कागदाला मागून भोक पडले.

“बस मग रातभर खुर्चीवर,” दिनकरराव पुटपुटले.

मनमाडला गाडी बदलून आम्ही मुंबईला गेलो आणि भाऊच्या धक्क्यावर जहाजात चढलो. खोली पाहून दिनकरराव गोंधळले. दोन पलंग होते, चादरी होत्या. त्यांनी चारी भिंती पाहिल्या, पलंगाखालीही वाकून पाहिले. मग जहाजावरच्या नोकराला विचारले, “पडदा कुठं हाय?”

नोकराने खिडकीचा पडदा दाखवला.

“तसा न्हाई. पिच्चर किती वाजता लागतो?”

जहाज बंदराबाहेर पडले तेव्हा नर्मदाबाईंनी समोरचे दार उघडले. मी त्यांच्या कडेवर होतो, म्हणून मलाही दिसले. माझ्या पोटाला त्यांच्या हातांचा घाम लागला.

“आवो,” अखेर त्या म्हणाल्या, “ह्याला पलीकडचा काठच न्हाई.”

दिनकरराव आले. त्यांनी कठड्याला हात टेकून पाहिले आणि येलदरीचे नाव काढले नाही. मग घसा खाकरून म्हणाले, “म्हणूनच म्हणलो, बाल्कनी घेऊ.” आणि आता हक्काची जागा मिळाली म्हणून तंबाखूची पिंक टाकली. वारा समोरून होता. पिंक तशीच्या तशी त्यांच्या सदऱ्यावर परत आली. त्यानंतर जहाज लाटांवर डोलायला लागले, आणि पुढे काय काय परत आले ते मी सांगत नाही. चूळ भरायला पाणी मीच पुरवले. संध्याकाळी ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले ते झालेच.

पहाटे त्यांना बरे वाटले. दार ढकलून बाहेर आले, तर नर्मदाबाई खुर्चीवर बसलेल्या, मी त्यांच्या मांडीवर, आणि पाणी हळूहळू उजळत होते. ते दुसऱ्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, “मला वाटलं, तुला आतच बरं वाटतं.”

“इचारलं कवा?” नर्मदाबाई म्हणाल्या. रागाने नाही, साधेच.

दिनकररावांनी उगीच तंबाखूची डबी उघडली, पुन्हा बंद केली. “मग आता इचारतो. काय पाह्यजे तुला?”

मला वाटले, साडी मागतील. निदान काजू तरी. नर्मदाबाई म्हणाल्या, “ह्यातलं थोडं पाणी पाह्यजे. घरी न्यायला.”

पणजीला उतरून समुद्राच्या काठाला गेल्यावर दिनकरराव धोतर खोचून गुडघाभर पाण्यात शिरले आणि त्यांनी मला समुद्रात बुडवले. ज्या समुद्राच्या भीतीने मी थरथरत होतो, तोच माझ्या पोटात शिरला. चव विचाराल तर भयंकर. माझे झाकण या वेळी नर्मदाबाईंनी लावले. दातओठ खाऊन लावले.

ताडकळसला माजघरात गल्लीतल्या साऱ्या बायका जमल्या. प्रत्येकीच्या तळहातावर चमचाभर समुद्र. गीताबाईंनी जीभ लावली, तोंड वाकडे केले आणि म्हणाल्या, “खारट हाय. म्हंजे खरंच बाहेर बसली व्हतीस तू.” त्यांनी तो चमचाभर समुद्र पिऊन टाकला. मग हळूच म्हणाल्या, “मला बी कुणी तरी इचारा रे एकदा.”

उरलेले पाणी माझ्यातच राहिले. मिठाने माझे आटे खाल्ले, हिरवा थर धरला आणि झाकण कायमचे बसले. प्रवासाला मग प्लास्टिकची बाटली आली. ती वजनाला हलकी आणि अकलेलाही हलकीच. मी कोनाड्यात जाऊन बसलो. कधी धूळ बसते, कधी पाल बसते. वाईट वाटते, लपवत नाही.

पुढे एकदा बाटली फुटली आणि दिनकररावांना औरंगाबादला निघायचे होते. त्यांनी मला खाली काढले, गुडघ्यात धरले आणि माझ्या झाकणाला पकड लावली. आवाज ऐकून नर्मदाबाई धावत ओसरीवर आल्या.

“ठिवा खाली,” त्या म्हणाल्या. “स्टँडवर दुसरी बाटली घ्या. ह्यात माझा समुद्र हाय.”

दिनकररावांनी पकड खाली ठेवली. मला धोतराच्या सोग्याने पुसले आणि आपल्या हाताने परत कोनाड्यात ठेवले.

तेव्हा मित्रांनो, जुनी भांडी भंगारात घालू नका, वरचेवर घासत जा. मलाही घासा. चिंच लावा, राख लावा, कानाशी धरून हलवून पाहा, आत अजून आवाज येतो. पण झाकण उघडायचे मनात आले, तर आधी नर्मदाबाईंना विचारा.