आधीच विचारलंय

प्रश्न एका ओळीचा होता आणि त्याआधीची माफी चार ओळींची. ‘मी अगदीच नवीन आहे, प्रश्न बावळट वाटेल, नियम वाचलेत, जुनी उत्तरंही शोधलीत, तरी रागावू नका,’ एवढं लिहून झाल्यावर त्या मुलीनं भीतभीत विचारलं होतं: जुन्या उत्तरातली साफसफाईची आज्ञा, म्हणजे कमांड, प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत चालेल का?

खाली भावजींचं उत्तर होतं. ‘आधीच विचारलंय. शोधायचे कष्ट घ्या.’ सोबत त्याच जुन्या उत्तराची लिंक, आणि प्रश्नाला कुलूप. कुलूप लागलं की तिथे कुणालाच काही लिहिता येत नाही.

वहिनीनं स्क्रीनवरून नजर हटवली. मोजमापांच्या नोंदी सांभाळणाऱ्या त्या प्रोग्रामसाठी हा मदतगट तिनंच सुरू केला होता. प्रयोगशाळेत नवी लागली तेव्हा तिला विचारायला कुणी नव्हतं म्हणून. ‘आधी शोधा, काय करून पाहिलं ते सांगा, मग विचारा’ हा नियमही तिचाच. नवख्याला नीट विचारता यावं म्हणून केलेला नियम गटाच्या देखरेखीला घेतलेल्या धाकट्या दिराच्या हाती गेला आणि त्याची काठी झाली. नवऱ्याकडे तिनं अनेकदा विषय काढला होता. “घरातल्या घरात कशाला तोंडं वाकडी करायची?” एवढं बोलून तो पेपरात डोकं खुपसायचा, आणि ती राग गिळायची.

समोर भावजी मटार सोलत होते. सोलण्यापेक्षा खाणंच जास्त चाललं होतं.

“ती मुलगी आठवते? माफीवाली?”

“कुठली? तिथे सगळे माफीवालेच येतात.”

“तिनं तुमचं ऐकलं. लिंकवर गेली, आज्ञा चालवली. जुन्या आवृत्तीत ती फक्त तात्पुरत्या फायली पुसायची. नव्या आवृत्तीत मूळ नोंदीही पुसते. अख्ख्या हंगामाची मातीची मोजमापं गेली तिची. प्रबंध त्यावरच होता.”

दाणा तोंडाकडे नेणारा हात क्षणभर थांबला, मग गेलाच.

“मग दुसरी प्रत नको ठेवायला? वहिनी, सगळ्यांना घास भरवत बसलो तर ही मंडळी शिकणार कधी? मला कुणी शिकवलं?”

“मी.”

“ते वेगळं. घरातलं होतं.”

“भरल्या ताटावर माझं डोकं खायचात. एकदा तरी म्हटलं का मी, आधीच विचारलंय?”

“बरं बाई, चुकलं. काढतो कुलूप. झालं समाधान?”

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. मुलीनं वहिनीला खासगी निरोपात सगळं कळवून शेवटी लिहिलं होतं: ‘गटाचा दोष नाही. शोधण्यात मीच कमी पडले. पुन्हा त्रास देणार नाही.’

भावजींनी वाचलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. “बघ! तिचं तिला पटलंय. तूच उगाच राईचा पर्वत करतेस.”

एकूण एक नियम पाळून ती पोर नागवली गेली होती, वर स्वतःच माफी मागून निघून गेली होती, आणि हा माणूस त्या माफीची पावती खिशात घालत होता.

“अगं, जाऊ दे ना!” आतून नवऱ्याचा आवाज आला.

“नाही जाऊ देणार,” ती आतल्या खोलीकडे बघून म्हणाली. मग दिराकडे वळली. आवाज चढला नव्हता, पण शब्द दातांतून येत होते.

“भावजी, यापुढे त्या गटात कुणाचा प्रश्न बंद करायचा हक्क तुम्हाला नाही. मी तुम्हाला काढतेय.”