आधी मशीन, मग घाट

आत्याने गाडीला कोल्ड एअर इनटेक बसवायला सांगितलं तेव्हा माझं डोकं दुसऱ्याच एका गाडीच्या बॉनेटखाली होतं. ऐकून मी दचकून वर पाहिलं आणि टाळूला चांगलं टेंगूळ आलं.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. ज्याच्याकडे स्पोर्ट्स कार आहे त्याला आज ना उद्या हा पाइप बसवण्याची हुक्की येतेच. इंजिन हवा ओढतं, हवा जितकी थंड तितकी दाट, तितकं पेट्रोल जोमाने जळणार आणि गाडी पळणार. इथवर सगळं खरं आहे. पण गाड्या बनवणारे काही दूधखुळे नसतात. त्यांनी दिलेला काळा डबा बाहेरची थंड हवाच घेत असतो. तो काढून चकचकीत पाइप आणि उघडा फिल्टर लावला की बऱ्याचदा इंजिनावरची तापलेली हवाच आत जाते. नाव थंड आणि हवा गरम, असा सगळा कारभार.

आमच्या गॅरेजच्या काउंटरवर बायको बसते. ती हे पाइप विकते. मी ते बसवतो आणि बसवता बसवता गिऱ्हाइकाला सांगतो की काडीचा फरक पडणार नाही. यावरून आमच्यात जितकी वाजली आहे तितकी दुसऱ्या कशावरूनही वाजलेली नाही. लोकांना हौस असते, तू मध्ये कशाला कडमडतोस, असं तिचं म्हणणं. मला खोटं खपत नाही, त्याला माझा इलाज नाही.

पण आत्या हौशी गिऱ्हाइकांतली नव्हे. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. तिने उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला, मलाही तिनेच शिकवलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, शेजारी बसून ब्रेक दाबायचं काम मी दिवसभर करते, घरी तेच करणारा माणूस कशाला आणू. काम थांबवल्यावर तिने दोन सीटची तांबडी गाडी घेतली आणि ती तिचा जीव की प्राण झाली. रविवारी सकाळी घाट चढून जायचं, वर थोडा वेळ बसायचं, उतरून यायचं. एवढंच तिचं देवदर्शन.

गेल्या वर्षापासून मात्र तिचा हात बिघडला होता. गिअर खरवडत पडायचा. कधी इंजिन नको इतकं फिरेपर्यंत ती तशीच ताणायची, कधी बिचारं धापा टाकत असताना वरचा गिअर टाकायची. मी गिअरबॉक्स खोलून दाते बदलून दिले. पुन्हा तेच झालं, पुन्हा खोलला. वय झालं, हात आणि डोकं यांचा मेळ राहिला नाही, असा निष्कर्ष मी काढला. वाईट वाटलं, पण दाते खोटं बोलत नाहीत. मी तिला गाडी विकायचं सुचवलं. आमच्या ओळखीचे दातांचे डॉक्टर त्या गाडीवर केव्हापासून डोळा ठेवून होते. मी विषय काढला की आत्या भलतंच काहीतरी बोलायला लागायची. ती पहिल्यापासून हट्टी, त्यामुळे मला त्यात नवं काही दिसलं नाही.

आणि त्याच आत्याला आता पाइप हवा होता.

मी चिडलोच. हात धुऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि सौदा मांडला. पाइप बसवतो. ताकद मोजायच्या मशीनवर फरक दिसला तर गाडी विकायचं नाव काढणार नाही. नाही दिसला तर किल्ली डॉक्टरांना द्यायची. ती माझ्या तोंडाकडे बघत शांतपणे ऐकून घेत होती.

"आधी तुझं मशीन, मग माझा घाट," ती म्हणाली. "घाटातून आल्यावर काय ते ठरव. नाही म्हणालास तर किल्ली देते."

मला खात्री होती, म्हणून मी कबूल झालो. बायकोने काउंटरवरून कपाळाला हात लावून मला दाखवला.

शनिवारी पाइप बसवला आणि गाडी डायनोवर चढवली. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले जाड रोलर. गाडी त्यांच्यावर जागच्या जागी पळते आणि शेजारच्या पडद्यावर तिच्या ताकदीची रेघ उमटते. त्या वेळी असा कल्लोळ होतो की आम्ही सगळे कानांवर मफ चढवतो आणि खुणांनी बोलतो. तसंही आमच्याकडे कॉम्प्रेसर दिवसभर चालू असतो, त्यामुळे शांत बोलायची सवय कुणालाच उरलेली नाही. जेवायला चला हेही बायको हातवारे करून सांगते. आत्याने मफ घेतले नाहीत. गाडीच्या पुढे जाऊन, हात मागे बांधून, मान किंचित कलती करून ती उभी राहिली.

बॉनेट उघडं ठेवून पंखा लावला तेव्हा रेघ जराशी वर गेली. बाजारातल्या जाहिराती इथेच थांबतात. मी बॉनेट लावलं, इंजिन तापू दिलं आणि पुन्हा मोजलं. नवी रेघ पाइपाच्या आधी मोजलेल्या रेघेवर जाऊन बसली, टोकाला तर थोडी खालीच आली. मी आत्याला पडदा दाखवला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता.

"झालं तुझं?" तिने विचारलं. "उद्या सकाळी ये."

सकाळी घाटाच्या पायथ्याशी मी सीटबेल्ट दोनदा तपासला. संध्याकाळी डॉक्टर येणार होते, मी त्यांना फोन करून ठेवला होता. आत्याने गाडी रेटली आणि समोरून एक जाड, घोगरा आवाज उठला. पूर्वी ही गाडी आतून अगदी गप्प असायची, त्या काळ्या डब्याचं अर्धं काम आवाज दाबायचंच असतं. आता इंजिन श्वास घेताना ऐकू येत होतं, पायाखालच्या पत्र्यापर्यंत जाणवत होतं.

पहिलं वळण आलं आणि मी पाय खालच्या पत्र्यावर दाबला. शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबणारा आता मी झालो होतो. आत्याने वेग कमी केला, क्लच दाबून इंजिनाला हलकेच एक हुंकार द्यायला लावला आणि खालचा गिअर टाकला. जराही खरवडलं नाही. मला वाटलं, योगायोग असेल. पुढच्या वळणालाही तसंच झालं. मग मी रस्ता सोडून आरपीएमचा काटा बघायला लागलो. ती वरचा गिअर टाकायची तेव्हा काटा दर वेळी त्याच जागी असायचा, आणि तिची नजर तर रस्त्यावरून हललीही नव्हती. काट्याकडे ती कधीच बघत नाही. मला शिकवतानाही म्हणायची, डोळे रस्त्याला दे, इंजिन कानाला दे. माझी आत्या परत आली होती आणि का ते मला कळत नव्हतं.

वर पोचल्यावर तिने गाडी कठड्याजवळ लावून बंद केली. एकदम शांत झालं. खाली ढगांची सावली उतारावरून सरकत होती. खिडकीबाहेर बघत मी विचारलं, "इतकं छान चालवतेस, मग वर्षभर काय झालं होतं?"

ती काही बोलली नाही. मी तसाच बाहेर बघत पुन्हा विचारलं. तरी नाही. मी वळून पाहिलं, तर ती स्वस्थपणे समोरची दरी बघत बसली होती. रागावलेली नव्हती, टाळतही नव्हती. माझी हालचाल जाणवली तशी तिने मान वळवून माझ्या ओठांकडे पाहिलं.

कॉम्प्रेसरच्या गोंगाटात, ओरडणाऱ्या माणसांमध्ये, खुणांमध्ये ती वर्षभर आमच्यासमोर वावरली होती आणि आमच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"आत्या, तुला ऐकू येत नाही," मी म्हणालो.

"बारीक आवाज गेले," ती म्हणाली. "जाड राहिलेत. मागे एकीने, शिकायला होती माझ्याकडे, तिच्या गाडीतून नेलं. तिच्या गाडीला हा पाइप होता. किती दिवसांनी मला इंजिन ऐकू आलं रे. उतरताना रडूच आलं."

"मग मला सांगायचं ना. मी इकडे दाते बदलत बसलो."

"कान गेले म्हटलं असतं तर तू त्याच दिवशी किल्ली मागितली असतीस. पाइप मागितला तर नुसता चिडलास."

मी खरोखरच मागितली असती. मग मी मागच्या गाड्यांचं, हॉर्नचं काढलं. ती म्हणाली, आरसे तीन आहेत आणि डोळे शाबूत आहेत, तुम्हा सगळ्यांना आरसा बघायला कुणी शिकवलं? उतरताना मी तिच्या डोळ्यांच्या फेऱ्या मोजत राहिलो. आरसा, रस्ता, आरसा. मी त्याच्या निम्म्यानेही आरसा बघत नाही.

गॅरेजशी पोचलो तेव्हा बायको दारातच उभी होती. काय, पडला का फरक, असं तिने खोचकपणे विचारलं. आत्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि उघड्या तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरली. ठरल्याप्रमाणे ती द्यायला तयार होती.

मी उतरलो. गाडीला वळसा घालून तिच्या खिडकीपाशी गेलो आणि तिला माझं तोंड नीट दिसेल असा वाकलो. गॅरेजात पहिल्यांदाच तिच्याशी न ओरडता बोललो.

"फरक पडला, आत्या. किल्ली ठेव तुझ्याकडे. गाडी विकायची नाही असं डॉक्टरांना मी कळवतो. पण उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. मी येतो बरोबर."

तिने माझे शब्द शेवटपर्यंत वाचले. मग मूठ मिटली.

"ये," ती म्हणाली. "गाडी मी चालवणार."