मिठागरावरची बाई

“दिसलं तेवढंच सांगायचं, हाजरा. दिसलेलं गिळायचं नाही, न दिसलेलं जोडायचं नाही.”

बाबांचा आवाज आठवला तसा तिने लॅपटॉपवरचा सिनेमा थांबवला. हर्णैला ईदचा चांद दिसल्याची गवाही द्यायला बाबाच उभे राहत आणि लहानग्या हाजराला शेजारी घेऊन हेच बजावत.

“का थांबवलंत?” शिवांगीने विचारलं. “काय चाललंय आत्ता?”

“दोघं... बोलतायत.”

“हाजरामावशी, माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. याला बोलणं म्हणतात?”

हाजरा ओशाळून हसली. गुरुवार होता. दर सोमवारी आणि गुरुवारी तिचा नफील, म्हणजे स्वखुशीचा, रोजा असे, आणि रोजा नुसता पोटाचा नसतो, जिभेचाही असतो, असं ती मानत आली होती. नेमकी अशाच दिवशी, सौदीतल्या थुवालच्या विद्यापीठ वसाहतीत शिवांगीच्या घरी बसून, ती तिला एक फ्रेंच सिनेमा मराठीत सांगत होती. मिठागरावर राबणारी एक विधवा. ज्याच्यावर जीव जडेल त्याला ती चावते, रक्त निघेपर्यंत.

वसाहतीतला फिल्म क्लब शिवांगीनेच सुरू केला होता. गेल्या वर्षी आजारात तिची दृष्टी गेली आणि क्लब तिचा सहकारी शर्विल सांभाळू लागला. आज क्लबमध्ये हाच सिनेमा दाखवून झाल्यावर त्यावर बोलायला ती स्वतः उभी राहणार होती, आजारानंतर पहिल्यांदाच. ‘तू आराम कर, मी बोलतो,’ असं शर्विलने प्रेमानेच सुचवलं होतं. त्या प्रेमानेच ती जास्त पेटली होती.

“आज अडखळले तर निघाले साताऱ्याला, आईकडे,” सकाळी फोनवर ती म्हणाली होती. “मग करा खुशाल दया.”

आता मात्र तिचा आवाज खाली आला. “तुम्हाला जड जात असेल तर राहू दे, मावशी. रोज्यात उगाच पाप नको तुमच्या माथी.”

“माझ्या पापाची काळजी तू नको करूस.” हाजराने ओढणी कानामागे सारली. “ऐक.”

आणि तिने सांगितलं. नेहमीच्याच हळू आवाजात, काही न गाळता. कोणाचा हात कुठे आहे. दात कुठे रुतले. उशी रक्ताने कशी भिजत गेली. पुरुष हात मागे घेत नाही, हेही.

“ती कशी दिसतेय? वासनेने वेडी झालेली?”

हाजराने पुढे वाकून पडद्यावरचा चेहरा नीट पाहिला. तिच्या स्वतःच्या पोटात पहाटेपासूनची भूक जागी होती.

“भुकेली. पण भुकेलं माणूस घासाकडे बघतं गं. ही घासाकडे बघतच नाहीये. त्याच्या तोंडाकडे बघतेय. ‘पुरे’ म्हणेल म्हणून वाट बघतेय.”

“हे दिसलं, की तुम्ही जोडलंत?”

“दिसलं.”

“आणि तो?”

“गप्प आहे. शेवटपर्यंत.”

शिवांगी टेबलाच्या कडेवरून बोटं फिरवू लागली.

“मग तिनेच का नाही म्हणायचं, मला अडव म्हणून?”

“तू म्हणशील?”

“मी? मेले तरी नाही.”

“तर मग तू न म्हणताच अडवीन,” हाजरा म्हणाली. “जबान दिली तुला.”

“बघू हं!” शिवांगी हसली. “लावा पुढचं.”

सभागृहात हाजरा गेली नाही; एकदा पाहिला तो सिनेमा पुरे होता. सूर्य बुडून मगरिबची अजान झाली तेव्हा तिने घरी खजूर तोंडात टाकून रोजा सोडला, नमाज पढली. नवरा जमालुद्दीन चहा ओतत होता, तेवढ्यात मोबाइलवर शिवांगीचा व्हॉइस मेसेज आला. मागे लोकांचा गलका होता.

“मावशी, जमलं! ते ‘पुरे’चं सांगितलं तेव्हा सगळे चिडीचूप. शर्विल तर रडला, वेडा कुठला. आता कसं, मान वर करून निघता येईल. क्लबच्या किल्ल्या त्याला देऊन टाकल्या. साताऱ्याला जायला शनिवारचं तिकीट काढलंय. मी आता घरी चाललेय, सामान आवरायला. तुम्ही मुळीच वाईट वाटून घेऊ नका हं.”

“जिंकली की पोरगी!” जमालुद्दीनने कप तिच्यापुढे सरकवला. “आता तरी जरा निवांत बस.”

हाजरा उठली. खुंटीवरचा अबाया काढून तिने अंगात चढवला.

“अगो, आणि चाय?”

“झाकून ठेवा.”

“तिने तर वाईट वाटून घेऊ नका म्हटलंय.”

“ऐकलं मी. पण मी तिला जबान दिलीय,” हाजरा म्हणाली. दार हलकेच ओढून घेऊन ती शिवांगीच्या घराच्या वाटेला लागली.