तपशिलाची एक चूक

वामनरावांनी लेखाच्या शेवटी पूर्णविराम दिला, आणि रामटेकचे धम्मानंद मेश्राम गुरुजी वारले.

त्याआधी चौदा आठवडे गुरुजींचं पोस्टकार्ड आलं नव्हतं. नागपूरच्या एका दैनिकात वामनराव एकतीस वर्षं दर रविवारी ‘तर्री’ नावाचं सदर लिहीत होते, आणि त्यातली सव्वीस वर्षं दर बुधवारी रामटेकहून एक पोस्टकार्ड येत होतं. वामनराव जुन्या वळणाचे, देवाधर्माचे, आणि तरीही कोणाची भीड न ठेवणारे. साहित्य संमेलनात पुस्तकांपेक्षा पुरणपोळीचा स्टॉल जास्त चालला तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, की यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, पोळीत निदान सारण तरी असतं. शहरातले क्रांतिकारक सकाळी अकराच्या आत उठत नाहीत म्हणून क्रांती रखडली आहे, हा शोधही त्यांचाच. स्वतःच्या विचारांच्या माणसांनाही ते सोडत नसत. पन्नास वर्षं चटईवर बसून काढलेल्या मंडळींनी खुर्ची मिळाल्याबरोबर पहिलं काम केलं ते चटया विकण्याचं, हे वाक्य छापून आलं तेव्हा निम्म्या नातेवाइकांनी त्यांच्याकडे जेवायला येणं सोडलं होतं.

गुरुजी त्यांच्या प्रत्येक लेखाशी भांडत. अक्षर टपोरं, शाई निळी, भाषा सभ्य. ‘आपण संस्कृतीची काळजी करता हे वाचून बरे वाटले. त्या संस्कृतीने आमच्या आजोबांना विहिरीला हात लावू दिला नाही, एवढी ओळ लेखात राहून गेली आहे. पुढील वेळी घालावी. कळावे.’ वामनरावांनी एकाही कार्डाला उत्तर दिलं नाही. पण पुढचा लेख लिहायला बसले की ते कार्ड टेबलावर समोर असायचं. वाचक हजारो होते, लिहिणं मात्र एकासाठीच चाले. या वाक्याला मास्तर पेटणार, असं मनात आलं की त्यांच्या बोटांना हुरूप येई. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते.

कार्डं थांबली तेव्हा वामनरावांनी आधी टपालखात्याला नावं ठेवली, मग थंडीला. दर बुधवारी ते कचेरीत येऊन आवक-जावक सांभाळणाऱ्या गणपतरावांच्या टेबलाशी उगाच रेंगाळत. शेवटी त्यांनी रामटेकच्या वार्ताहराला फोन लावला. मेश्राम गुरुजी कसे आहेत, एवढंच विचारलं. ते तर गेले जी, दिवाळीच्या आधीच, असं वार्ताहर म्हणाला. वामनराव त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बसले आणि एका बैठकीत लेख लिहिला.

तो लेख गाजला. मोबाइलवर इतका फिरला की वामनरावांना स्वतःचाच लेख ‘जरूर वाचा’ म्हणून चौघांनी पाठवला. एरवी त्यांचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या मंडळींनीही फोन केले. वामनरावांना सरकारी सांस्कृतिक मंडळाचा ‘निर्भीड लेखणी’ पुरस्कार आधीच जाहीर झाला होता. आता मानपत्रात नवा मजकूर घालायचं ठरलं: ‘विरोधकालाही अंतःकरणात स्थान देणारी लेखणी.’ वामनरावांना ते आवडलं. वाईट वाटलेलं होतंच, पण वाईट वाटल्याचं कौतुक झालं की ते वाईट वाटणं सोसायला बरं पडतं.

बुधवारी गणपतरावांनी त्यांच्या हातात पोस्टकार्ड ठेवलं. टपोरं अक्षर, निळी शाई.

‘सप्रेम जय भीम. शेजाऱ्यांनी लेख आणून दिला. तपशिलाची एक चूक आहे. बाकी लेख चांगला. आपले लिखाण बऱ्याच दिवसांनी शेवटपर्यंत वाचले गेले. कळावे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव रामटेकच्या बसमध्ये बसले. लेखात त्यांनी गुरुजींचं चित्र मोठ्या प्रेमानं रंगवलं होतं. काटकुळा देह, धोतर, खांद्याला शबनम, झिजलेल्या वहाणा. प्रत्यक्षात दार उघडलं ते ट्रॅकसूट घातलेल्या, पोट सुटलेल्या एका धट्ट्याकट्ट्या म्हाताऱ्यानं. तो नुकताच अंबाळा तलावाकडून फिरून आला होता आणि त्याच्या पायात चांगले महागाचे बूट होते.

“नमस्कार. मी वामनराव.”

“जय भीम. या.” तो बाजूला झाला. “मी धम्मानंद. आहो अजून.”

गुरुजींच्या बायकोनं, तुळसाबाईंनी, पाण्याचा पेला टेबलावर जरा जोरातच ठेवला. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं बरंच होतं आणि त्यांनी ते उभ्यानंच सांगितलं. गुरुजींची बहीण सावनेरला असते. तिनं पेपर वाचला आणि पहिल्या बसनं रडत आली. दारात भाऊ उभा. त्याला पाहून ती आणखीच मोठ्यानं रडली, आणि मग दोन दिवस अंथरुणाला खिळली. लोक अजून येऊन राहिले होते. परवा एकजण हार घेऊन आला आणि तो हार परत न्यायचा की ठेवायचा, हे त्यालाही कळेना.

वामनरावांनी माफी मागितली. वार्ताहरानंच चुकीचं सांगितलं, असंही म्हणाले.

“तुमी काय विचारलं होतं त्याले?” गुरुजींनी विचारलं.

“मेश्राम गुरुजी कसे आहेत, म्हणून.”

“रामटेकात मेश्राम गुरुजी पाच आहेत. गेले ते शेषराव, प्रायमरीचे. चांगला माणूस होता.” गुरुजींनी आवाज चढवला नाही. “माझं पूर्ण नाव दर कार्डावर राहत होतं. सव्वीस वर्षं.”

वामनरावांनी पेला उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला. त्यांना लाज वाटली. दुसऱ्या कोणी हीच चूक केली असती तर त्यावर त्यांनी दोन रविवार काढले असते, हेही त्यांना कळलं. मग ज्यासाठी ते खरं तर आले होते ते त्यांनी विचारलं. पत्रं का थांबवली?

“पेपरच बंद केला.”

कारण गुरुजींनी सावकाश सांगितलं. पाऊस संपता संपता गावातल्या वाचनालयात एक यादी आली. सरकारनं नेमलेल्या ग्रंथनिवड समितीची. कोणती पुस्तकं वाचनालयात ठेवू नयेत याची. तीनशेबारा पुस्तकं पोत्यांत भरून टेम्पोतून गेली. त्यातली चाळीस-पन्नास गुरुजींनीच वेळोवेळी भेट दिलेली होती. यादीखाली समितीच्या सदस्यांच्या सह्या होत्या. चौथी सही वामनरावांची होती.

वामनराव म्हणाले, की सही सगळ्यांनीच केली होती, आणि यादी एवढी मोठी, सगळी कोण वाचतो. बोलता बोलताच आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं.

“सहीचा राग नाही आला मले,” गुरुजी म्हणाले. “तुमचे विचार तुमच्यापाशी. मले वाटलं, आता हा माणूस रविवारी लिहील. सही बरोबर होती म्हणून लिहील, नाही तर मलेच शिव्या देईल. चार रविवार वाट पाहिली. तुमी काय लिहिलं? मोमोज. मग तलवारीनं केक कापतात ते. मग पोरींचे फाटके पँट. मग पुन्हा मोमोज.”

“ते चाऊमीनवर होतं.”

“एकच झालं.”

आतून तुळसाबाई हसल्या. गुरुजी हसले नाहीत. ते उठले आणि कपाटातून एक जुनं, पिवळं पडलेलं कात्रण काढून आणलं. पूर्वीच्या सरकारनं, वामनरावांच्या विरोधातल्या सरकारनं, अशीच एक यादी काढली होती तेव्हाचा लेख. ‘पुस्तकांना भिणारं सरकार उंदरांच्या पक्षाचं असतं’ या ओळीखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

“नववीच्या वर्गात वाचून दाखवला होता हा. अर्ध्या शिव्या आमालेच होत्या त्याच्यात. तरी वाचला. पोरं पोट धरून हसली.”

वामनरावांनी स्वतःचा तो लेख उभ्या उभ्या वाचला. वीस वर्षांपूर्वीचा तो माणूस त्यांना आवडला, आणि त्याचा थोडा हेवाही वाटला. कात्रण परत देताना त्यांची नजर भिंतीवरच्या आरशाकडे गेली. चौकटीत एक पोस्टकार्ड खोचलेलं होतं. पत्त्याची बाजू दिसत होती. पत्ता त्यांच्याच दैनिकाचा होता.

“हे टाकायचं राहिलं का?”

“तेव्हाच लिहिलं होतं. हिनं टाकू नाही दिलं. बरं नाही दिसत म्हणे.”

वामनरावांनी हात पुढे केला. गुरुजींनी मान हलवली. ते तुमच्या नावानं नाही, म्हणाले. मग त्यांनी काय हवं ते सांगितलं. मी जिता आहो एवढा खुलासा सदरात छापा. मेलेल्या माणसाची पत्रं कोणी घेत नाही, आणि मले अजून लिहायचं आहे.

“आणि त्या यादीवर लिहा. माझ्या बाजूनं नाही म्हणून राहिलो. तुमच्या बाजूनं लिहा, पण लिहा. रविवारी पेपर विकत आणतो. मग ह्या कार्डाचं पाहतो.”

“या रविवारी,” वामनराव म्हणाले. “शब्द देतो.”

निघताना तुळसाबाई दारापर्यंत आल्या. “भाऊ, खुलासा मोठ्या अक्षरात टाका जरा. माह्या नणंदेले बारीक दिसत नाही.”

बसमध्येच लेखाचं पहिलं वाक्य सुचलं. वामनराव बसस्टँडवरून थेट कचेरीत गेले. रविवारची पुरवणी हिमानी पाहत असे. वयानं त्यांच्या मुलीसारखी, कामाला चोख. ती ऐकून आधी हसली, मग गंभीर झाली. शनिवारी पुरस्कार, मानपत्रात तोच लेख, आणि रविवारी खुलासा, हे विचित्र दिसेल खरं, म्हणाली. पण सदर तुमचं आहे सर. तुम्ही द्याल ते छापते, एक शब्द कापणार नाही. कोणी तरी अडवायला हवं होतं, असं वामनरावांना पुढे वाटत राहिलं. कोणीच अडवलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी लेख लिहिला. सुरुवातीला खुलासा, मग शेषराव गुरुजींना दोन ओळी, आणि मग यादी, उंदरांच्या त्या जुन्या वाक्यासकट. तीनशेबारा पुस्तकांवर न वाचता सही करणाऱ्या सदस्याची त्यांनी अशी काही खोड काढली की स्वतःशीच मोठ्यानं हसले. बायको स्वयंपाकघरातून डोकावून गेली. बऱ्याच दिवसांत हे हसणं तिनं ऐकलं नव्हतं.

अकराच्या सुमारास ग्रंथनिवड समितीच्या अध्यक्षांचा फोन आला; पुरस्कार देणाऱ्या मंडळाचे अध्यक्षही तेच होते. उद्या गाडी किती वाजता पाठवू, वहिनी येणार ना, शाल कोणत्या रंगाची आवडेल, एवढंच त्यांनी विचारलं. बोलणं गोड होतं. यादीचा विषय निघाला नाही. वामनरावांनी फोन ठेवून लेख पुन्हा वाचला. उंदरांचं वाक्य जरा जास्तच झालं होतं, ते खोडलं. मग सहीचा परिच्छेद. अध्यक्षांचं वय पाहता तो बरा दिसला नसता. सही गेल्यावर यादीला काही अर्थ उरला नाही. राहिला नुसता खुलासा, आणि शनिवारी शाल घ्यायची, रविवारी मेलेला माणूस उठवायचा, हे त्यांना हास्यास्पद वाटलं. पुढच्या रविवारी सविस्तरच लिहू, असं त्यांनी ठरवलं. कागद टेबलाच्या खणात गेले. दुपारच्या जेवणाआधी त्यांनी फुटाळा तलावावर लग्नाआधी फोटो काढून घेणाऱ्या जोडप्यांवर लेख लिहून पाठवला. तासाभरात झाला.

शनिवारी समारंभ थाटात झाला. शाल, श्रीफळ, आणि मानपत्राचं वाचन. ‘दिवंगत विरोधक’ हे शब्द आले तेव्हा सभागृहात टाळ्या वाजल्या. वामनराव पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. ते भारावले आहेत असं सगळ्यांना वाटलं.

रविवारचा लेख कोणाला विशेष आवडला नाही आणि खटकलाही नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी वामनराव कचेरीत गेले ते गणपतरावांच्या टेबलाकडे न पाहता पुढे निघाले. गणपतरावांनीच हाक मारली.

पोस्टकार्ड संपादकांच्या नावानं होतं. शिक्का परवाचा, पण वर कोपऱ्यात गुरुजींच्या हातची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. कार्डाच्या एका कडेला आरशाच्या चौकटीचा पुसट डाग पडला होता.

‘संपादक महोदय यांस, सप्रेम जय भीम. आपल्या दैनिकात ‘तर्री’ हे सदर लिहिणारे वामनराव केव्हा वारले, ते आम्हा वाचकांना कळले नाही. आम्ही त्यांचे जुने वाचक आहोत. निदान तारीख कळवावी. कळावे.’

वामनरावांनी ते दोनदा वाचलं. गणपतराव जावक वही उघडून, पेन हातात घेऊन बसले होते. चेष्टा करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

“साहेब, संपादकाच्या नावानं आलं म्हणजे उत्तर धाडाच लागते,” ते म्हणाले. “काय लिहू जी?”

“थांबा जरा,” वामनराव म्हणाले. समोरची खुर्ची ओढून ते बसले आणि तारीख आठवू लागले.