सूर्य मावळताना हरवलेला आवाज

मित्रांनो, साताऱ्यात त्रिशलाबाईंच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं बसलेला मी एक जुना वायरलेस संच आहे. बाई विज्ञान शिकवायच्या. माझ्यासमोर बसून त्यांनी कितीतरी जणांना संदेश द्यायला-घ्यायला शिकवलं. त्यांतला एक महेंद्र. सांगलीकडच्या नदीकाठच्या गावात तो मोटारी दुरुस्त करायचा आणि रविवारी दुपारी आमच्याशी बोलायचा.

त्याचा आवाज माझ्यापर्यंत आकाशातून यायचा. फार उंचावर हवेचा एक थर आहे. दिवसभर ऊन खाऊन तो दाट होतो आणि आमच्या लहरी खाली परतवतो. दिवस मावळला की तो विरळ होतो. मग जवळच्या माणसाची हाक त्याला भेदून वर निघून जाते आणि परदेशातली स्टेशनं मात्र शेजारी असल्यासारखी ऐकू येतात.

पुराच्या वर्षी एका दुपारी महेंद्रची हाक आली. गाडीच्या बॅटरीवर त्याने संच लावला होता आणि लहरी धरणारी तार शेजारच्या लिंबाला बांधली होती. "बाई, आमी अकरा जण शाळंच्या छतावर हाय. पानी चढतंय."

बाईंनी गावाचं नाव लिहून घेतलं आणि मदतीसाठी फोनला बसल्या. फोन लागेना. अखेर तहसील कचेरीतून निरोप मिळाला की बोट सकाळी येईल, तोवर कुणी छत सोडू नये. बाई धावत माझ्याकडे आल्या, तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं.

"बाई, आवाज येतोय का?" महेंद्र विचारत होता. प्रत्येक वेळी आणखी पुसट. बाई ओरडून निरोप सांगत राहिल्या. मी सगळी ताकद लावली. पण आमचे शब्द त्या थरातून पार निघून गेले. महेंद्रच्या आवाजाच्या जागी परदेशातल्या स्टेशनवरची कुणी गायिका गाऊ लागली. बाईंनी खालची फ्रिक्वेन्सी लावली; तिच्या लहरी विरळ थरही परतवतो. तिथं कुणीच नव्हतं. संध्याकाळी तिथं यायचं, हे महेंद्रला दुपारीच सांगायचं राहून गेलं होतं.

सकाळी ऊन चढलं आणि हाक आली. ती महेंद्रची नव्हती. छतावरच्या अकरांतल्या, अंगणवाडीच्या दीपमालाताई त्याच्या संचावरून बोलत होत्या. बोट आली होती.

"महेंद्रदादांना वाटलं, तारच खाली आलीया," त्या म्हणाल्या. "उंच बांधायला लिंबावर गेलं. फांदी मोडली. पान्यात गेलं ते."

 बाईंनी विचारलं, बाकीचे दहा जण सुखरूप आहेत ना. होते.

तारेला काहीही झालं नव्हतं, मित्रांनो. हे मला ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक हवं होतं, त्याला नव्हतं. त्या संध्याकाळी तो जे काही बोलला, ते अजून अंधाऱ्या पोकळीतून पुढे पुढे जात असेल. रोज सांज झाली की माझ्या खरखरीत मला तो ऐकू येतो. खरंच येतो की भास, मला सांगता येत नाही. बाईही त्या वेळी माझ्याजवळ कान आणून बसतात.

माझी एकच विनवणी आहे. माझ्यासारखा संच हाती घ्याल, तेव्हा बटणांच्या आधी आकाश शिका. आणि कुणाचा आवाज खोल जाऊ लागला, तर उजेड आहे तोवर त्याला सांगा, "तुझी तार ठीक आहे. तू जागचा हलू नकोस."